वीस रुपये ते दोन लाख

भारतातल्या माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न किती, हे जाणून घ्यायची निकड इथल्या इंग्रज राज्यकर्त्यांना फारशी वाटली नव्हती. जमिनीचा सारा किती जमा झाला, अफूतून किती आले, रेल्वेवर किती गेले, याच्या चोपड्या चोख होत्या. रयतेच्या पदरात वर्षाकाठी काय पडतं, हा रकाना त्या चोपड्यांत नव्हता. तो आखला दादाभाई नौरोजींनी. १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. १८६७ ते १८७० या सुमाराचा हिशोब मांडून त्यांनी सांगितलं, की इथल्या माणसाच्या वाट्याला वर्षाला वीस रुपये येतात.

मुंबई इलाख्यात हा विषय दादाभाईंच्या आधीपासून धुमसत होता. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रं लिहून इथून बाहेर जाणाऱ्या संपत्तीबद्दल कंपनी सरकारला खडसावलं होतं. त्या पत्रांत धार होती, पण माणशी आकडा नव्हता. दादाभाईंनी तो आणला, आणि तोही सरकारच्याच कागदांतून. प्रांतोप्रांतीचे वार्षिक कारभाराचे अहवाल घ्यायचे, कोणत्या पिकाखाली किती एकर जमीन ते पाहायचं, एकरी उतारा आणि बाजारभाव यांनी गुणायचं, बियाण्याचा भाग वजा करायचा, मग कारागिरी, खाणी, गुरंढोरं यांची सढळ हाताने भर घालायची आणि आलेल्या बेरजेला डोक्यांनी भागायचं. आज राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात संगणकावर जे चालतं, त्याचा सांगाडा हाच आहे.

त्यातली एक जागा बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरकारी अहवालांत प्रांताचा सरासरी उतारा दिलेला असे, पण तो काढण्याची रीत अशी, की प्रत्येक जिल्ह्याच्या उताऱ्यांची बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं. समजा, एका जिल्ह्यात लाख एकर गहू आहे आणि एकरी पाच मण उतरतो. शेजारच्या जिल्ह्यात हजारच एकर आहे, पण कालव्याच्या पाण्यावर पंधरा मण येतो. अहवाल म्हणणार, प्रांताची सरासरी दहा मण. खरी सरासरी पाचाच्या थोडीशीच वर. दादाभाईंनी ही चूक पकडली, भाव आणि उतारे यांना क्षेत्राचं वजन देऊन सगळं पुन्हा मांडलं, आणि कारभाऱ्यांना त्यांच्याच कागदांतून त्यांचीच बेरीज चुकीची असल्याचं दाखवलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं होतं, त्याचा असा उपयोग झाला.

पण वीस या आकड्याशी ते थांबले नाहीत, आणि मला वाटतं त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. वीस रुपये म्हणजे थोडे की बरे, हे कशावरून ठरवायचं? त्यांनी त्या आकड्याशेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. परदेशी मळ्यांवर रवाना होणाऱ्या मजुरांना जहाजावर द्यायच्या शिध्याचा तक्ता ठेवला. मोकळ्या माणसाचं सरासरी उत्पन्न सरकार कैद्याला पोसायला जे खर्चतं त्यालाही पुरं पडत नाही, हे त्या शेजारामुळे दिसलं. दरडोई उत्पन्नाचा आकडा भारतात असा फिर्यादीच्या हातून जन्माला आला. पुढे तो अनेक हातांतून गेला; या ग्रंथातल्या तक्त्यांकडे वळण्याआधी तो प्रवास माहीत असावा, एवढ्यासाठी ही लांबलेली प्रस्तावना.

सरकारला उत्तर देणं भागच होतं. १८८२ मध्ये अर्थसदस्य मेजर बेअरिंग यांनी बार्बर यांच्या साहाय्याने हिशोब करून सत्तावीस रुपये सांगितले. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने तीस रुपये जाहीर केले आणि वीस वर्षांत तीन रुपयांची वाढ झाली म्हणून समाधान मानलं. त्याच सुमाराला विल्यम डिग्बी यांनी जाडजूड ग्रंथ लिहून आकडा अठरा रुपयांच्याही खाली आणला. माणसं तीच, शेतं तीच, साल जवळजवळ तेच. एकाचे तीस, दुसऱ्याचे अठरा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरच्या भाषणात शिलकीचं कौतुक करणाऱ्या सरकारला सुनावलं, की रयत दुष्काळाने पिचलेली असताना खजिन्यात शिल्लक पडते, हे कर वाजवीपेक्षा जास्त असल्याचंच लक्षण आहे. मोजणीचं शास्त्र तोवर कच्चं होतं, आणि प्रत्येक मोजणाऱ्याला आपण काय सिद्ध करायला बसलो आहोत हे आधीच ठाऊक होतं.

शास्त्र पक्कं केलं अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी. १९३१-३२ सालासाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न बासष्ट रुपये काढलं. तिशीचे बासष्ट झाले म्हणून हुरळून जायला नको; मधल्या काळात एक महायुद्ध आणि त्याची महागाई होऊन गेली होती. आजच्या अभ्यासकांनी त्या काळची मालिका पुन्हा बांधली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्वातंत्र्यापर्यंतच्या साडेचार दशकांत दरडोई उत्पादनाची खरी वाढ वर्षाला शून्याच्या आसपास होती, यावर त्यांच्यात फारसं दुमत नाही. ही सपाट रेघ डोळ्यांपुढे असल्याशिवाय पुढच्या कोणत्याही चढाची किंमत कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर ऑगस्ट १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस. सदस्य दोनच, राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. तिघांच्या वृत्तीत बराच फरक. महालनोबिस नमुना पाहणीचे उस्ताद, राव लेखांकनाचे. गाडगीळ गावात जाऊन पाहणारे. १९४० साली त्यांनी वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी प्रसिद्ध केली होती, आणि शेतकऱ्याच्या घरात पैसा कुठून येतो, कुठे जातो, हे तिथे पाहिलेलं होतं. समितीच्या पहिल्या अहवालाने १९४८-४९ साठी दरडोई उत्पन्न सांगितलं ते २५५ रुपये. अंतिम अहवालात ते थोडं उतरून २४७ च्या घरात आलं. फिर्यादीचा आकडा इथे पहिल्यांदा सरकारी दप्तरात रीतसर बसला.

२५५ पासून २०२४-२५ च्या २,०५,३२४ रुपयांपर्यंत येताना आकडा आठशे पट झालेला दिसतो. त्यातली बहुतेक वाढ नुसत्या किमतींची. किमती स्थिर धरल्या, तर १९५०-५१ पासूनची खरी वाढ आठ-नऊ पट निघते. जाहीर सभेत आठशे पट सांगायचं की नऊ पट, हे वक्त्याच्या सोयीवर. वाचकाने मात्र प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर ‘चालू किमती’ लिहिलंय की ‘स्थिर किमती’, हे आधी पाहावं आणि मगच खाली उतरावं.

हा आकडा बनतो कशाचा? भाद्रपद-आश्विनात एखाद्या गावात पीक कापणी प्रयोग पाहायला मिळाला, तर जरूर थांबून पाहावा. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात तलाठी किंवा कृषी सहायक येतो. शेताच्या कोपऱ्यापासून ठरलेली पावलं मोजून खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो, साधारण दहा बाय पाच मीटरचा आयत बांधतो. तेवढंच पीक कापायचं, मळायचं, ओलं वजन घ्यायचं, मग वाळवून पुन्हा वजन. शेतमालक बाजूला उभा राहून, माझ्या शेतातला नेमका बसका तुकडाच यांना सापडला, असं पुटपुटत असतो. हल्ली पीकविम्याची भरपाई याच वजनावर ठरत असल्यामुळे तो बसका तुकडा सापडावा अशीच काहींची इच्छा असते, हेही खरं. अशा हजारो आयतांतून राज्याचं ज्वारी-बाजरीचं उत्पादन ठरतं, आणि तिथून देशाच्या उत्पन्नात जातं. ही पद्धत देशभर रुळवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा. महालनोबिसांचे प्रयोग लहान तुकड्यांवर चालत. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान घेतला की कडेची झाडं मोजणारा आत ओढून घेतो आणि उतारा फुगतो. कडेची चार ताटं आत धरायची की बाहेर, एवढ्यावरून दोन थोर संख्याशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं वाद झाला. देशाच्या अन्नधान्याचा अंदाज त्या चार ताटांवर हलत होता, म्हणून तो वाद क्षुल्लक नव्हता.

उत्पन्नात काय धरायचं याचे नियमही मजेशीर आहेत. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी धरतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं न दिलेलं भाडं धरतात. गोवऱ्या आणि शेणखतसुद्धा धरतात. धरत नाहीत ते घरातल्या बाईचं रांधणं, धुणं, भांडी, पोरं सांभाळणं. मुंबईच्या गिरणगावात हा नियम एकाच चुलीवर दुभंगलेला दिसे. गावाकडून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना डबा देणाऱ्या खानावळवाल्या बाया तिथे घरोघरी होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांच्यातूनच. अशा एखाद्या खानावळवालीने एकाच तव्यावर वीस भाकऱ्या भाजल्या, तर खाणावळ्यांच्या ताटात गेलेल्या पंधरा राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येत बसत, नवऱ्याच्या आणि मुलांच्या ताटातल्या पाच बसत नसत. बसणाऱ्या पंधराही प्रत्यक्षात कुठल्या कागदावर उतरत असतील, याची मला शंकाच आहे.

आता वाटचालीकडे. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यात एक स्वप्न रेखलेलं होतं: सत्तावीस वर्षांत, म्हणजे १९७७ च्या सुमाराला, दरडोई उत्पन्न दुप्पट. हे वरचा अंश वाढवून साधायचं होतं. खालचा छेद फारसा त्रास देणार नाही, असं गृहीत धरलं होतं. लोकसंख्या वर्षाला सव्वा टक्क्याने वाढेल असा योजनेचा अंदाज. १९६१ ची जनगणना झाली आणि दहा वर्षांतली वाढ साडेएकवीस टक्के निघाली. पुढच्या दशकात ती जवळपास पंचवीस टक्के झाली. हिवताप आटोक्यात येत होता, पोरं जगू लागली होती. ही आनंदाचीच गोष्ट, पण भागाकारात ती उत्पन्न कमी दाखवते. दुप्पट व्हायला अखेर १९९०-९१ साल उजाडलं. सत्तावीसाची चाळीस वर्षं झाली.

१९५० ते १९८० ही तीस वर्षं अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हिणवली जातात. एकूण उत्पादनाची वाढ साडेतीन टक्के, लोकसंख्येची सव्वादोनच्या आसपास, हातात उरले सव्वा ते दीड टक्का. अर्थशास्त्रज्ञ राजकृष्ण यांनी या गतीला ‘हिंदू विकासदर’ असं खोचक नाव दिलं आणि ते चिकटलं. ते नाव मला कधी पटलं नाही. या दराचा धर्माशी काहीएक संबंध नव्हता. परवाने, परकी चलनाची चणचण, पाण्यावाचूनची शेती आणि दोन-तीन युद्धं एवढ्यांनी तो पुरेसा समजतो. शिवाय शतकाच्या पूर्वार्धातल्या शून्याशेजारी ठेवला, तर सव्वा टक्काही बदलच होता. तीस वर्षांत दीडपट. कूर्मगती खरी, पण कासव निदान चालू लागलं होतं.

या काळातली रेघ पावसाबरोबर खालीवर होते. १९६५-६६ आणि १९७९-८० ही वर्षं तक्त्यात खड्ड्यासारखी दिसतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्याहून जवळचा १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी राज्यात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव आणि रस्ते करायला गेली. कामावर सुकडी वाटली जाई. पुढे देशभर गेलेली रोजगार हमी त्याच काळात इथे आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हिशोबाच्या अंगाने त्या वर्षाची गंमत अशी, की ज्वारी बुडाली तेवढं उत्पन्न घटलं, पण खडी फुटली तेवढं वाढलं. आपल्या बांधावर उभा असलेला माणूस दुसऱ्याच्या रस्त्यावर हातोडा घेऊन बसला, हे सरासरीला दिसत नाही.

सरासरीला काय दिसत नाही, हा प्रश्न पुण्यातूनच ठणकावून विचारला गेला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास १९७१ च्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. माणसाला रोज २,२५० उष्मांक पोटात घालायला १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असं त्यांनी मांडलं. ग्रामीण भागातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतले सुमारे पन्नास टक्के लोक तेवढाही खर्च करू शकत नव्हते. दहा वर्षांच्या वाढीचा लाभ वरच्यांच्या पदरात जास्त पडला, असा त्यांचा निष्कर्ष. मग निवृत्तीनंतर पुण्यात आलेले सुखात्मे या उष्मांकांच्या रेषेवर तुटून पडले: शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, तेव्हा एका सरासरी गरजेच्या खाली आहे म्हणून प्रत्येकाला उपाशी ठरवता येत नाही. दांडेकरांनी तितक्याच जोमाने परतफेड केली. दोघेही एका शहरात, दोघेही मातब्बर. पक्ष कोणाचाही घ्या. उत्पन्नाच्या आकड्याशेजारी माणसाच्या पोटाचा आकडा ठेवायची जी पद्धत तुरुंगाच्या तक्त्यापासून सुरू झाली होती, ती या वादात जिवंत होती. अलीकडच्या लेखनात तिची उणीव जाणवते.

गती बदलली ती १९८० च्या आसपास. १९९१ चं महत्त्व कमी करायचं कारण नाही. त्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईतून विमानाने लंडनला तारण म्हणून गेलं, आणि त्यानंतर परवान्यांची राजवट जशी मोडली तशी आधी कधी मोडली नव्हती. पण तक्ता सांगतो, की दरडोई वाढ ऐंशीच्या दशकातच तीन टक्क्यांच्या पलीकडे गेली होती. काही अभ्यासक त्याचं श्रेय उद्योगांबद्दल सरकारच्या बदललेल्या सुराला देतात. काही म्हणतात, ती उधारीवरची चैन होती आणि म्हणूनच १९९१ चं संकट आलं. या ग्रंथात दोन्ही बाजू आहेत. मला दोन्हींत तथ्य वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही.

१९९१ नंतरच्या तीन दशकांत स्थिर किमतींना दरडोई उत्पादन सुमारे चौपट झालं. टक्केवारीचा अंदाज यायला सत्तरीचा आडाखा उपयोगी पडतो: सत्तरला वाढीच्या दराने भागा, तेवढ्या वर्षांत दुप्पट. सव्वा टक्क्याला छप्पन्न वर्षं, साडेचार-पाच टक्क्यांना चौदा-पंधरा. पहिल्या गतीत माणसाला आपल्या बापाच्या आणि आपल्या राहणीतला फरक जेमतेम जाणवतो. दुसरीत त्याचं घर पत्र्याचं असताना जन्मलेला मुलगा स्लॅबच्या घरात दहावीचा अभ्यास करतो. २००३ ते २००८ हा या रेघेचा सर्वांत उभा भाग. २०२०-२१ मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ती जवळपास तीन दशकांत पहिल्यांदा खाली वळली आणि दोनेक वर्षांत पुन्हा जुन्या उंचीवर आली.

शेजाऱ्यांकडे पाहिलं, की या समाधानाला चाप बसतो. १९६० मध्ये दक्षिण कोरियाचं दरडोई उत्पादन डॉलरमध्ये आपल्या दुपटीच्या आत होतं. चीन तर १९९० मध्ये आपल्या किंचित मागेच होता. आज तो १३ हजार डॉलरच्या पलीकडे आणि आपण २,७०० च्या आसपास. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने बांगलादेश त्या वर्षी आपल्याला थोडक्यात मागे टाकेल असा अंदाज दिला, तेव्हा दिल्लीत भलतीच खळबळ उडाली. तो फरक अकरा-बारा डॉलरचा होता, विनिमयदराच्या एका हेलकाव्यात मिटणारा. कोरियाबद्दल मात्र कोणी खळबळ उडवत नाही. ते अंतर इतकं वाढलंय की त्याची सवय झाली. डॉलरची तुलना करताना इथे पैशाला जास्त वस्तू येतात हेही लक्षात ठेवायला हवं. खरेदीशक्तीच्या हिशोबाने आपला आकडा चौपटीच्या आसपास भरतो. पण पेट्रोल, मोबाईलमधली चिप आणि परदेशातलं शिक्षण खरेदीशक्तीच्या दराने मिळत नाही.

देशांतर्गत चित्र तर अधिकच विस्कटलेलं. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने २०२४ मध्ये राज्यांची तुलना प्रसिद्ध केली. राष्ट्रीय सरासरी शंभर धरली, तर १९६०-६१ मध्ये पश्चिम बंगाल १२७.५ वर होता. २०२३-२४ मध्ये तो ८३.७ वर उतरला. महाराष्ट्र १३३.७ वरून १५०.७ वर चढला. बिहार एक तृतीयांशाच्या आसपास रुतलेला, गोवा दुपटीच्या वर. आपल्याकडे १५०.७ हा आकडा लगेच फलकांवर लागतो. फिर्यादीच्या हातातला आकडा यजमानाच्या हातात गेला, असं मी म्हणतो ते या फलकांकडे पाहून. गुजरात, तमिळनाडू, कर्नाटक, तेलंगण, हरयाणा ही राज्यं आज दरडोई उत्पन्नात महाराष्ट्राच्या पुढे आहेत, हे त्या फलकांवर नसतं.

आणि महाराष्ट्राच्या आत? नंदुरबार, वाशीम, गडचिरोली या जिल्ह्यांचे दरडोई आकडे मुंबईच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने विभागांमधला असमतोल मोजला, तेव्हा तिने उत्पन्नावर भिस्त ठेवली नाही. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पाणी, वीज कुठे किती कमी आहे ते मोजलं आणि ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला. ते शहाणपणाचं होतं, कारण जिल्ह्याचं उत्पन्न हा फसवा प्रकार आहे. ते जिथे निर्माण होतं तिथे मोजलं जातं, जिथे खर्च होतं तिथे नाही. चंद्रपूरच्या कोळशाचं आणि औष्णिक विजेचं मूल्य चंद्रपूर जिल्ह्याच्या खात्यावर पडतं आणि तिथल्या माणसांच्या संख्येने भागलं जातं. वीज पुण्या-मुंबईचे दिवे लावते, राख मात्र तिथेच राहते. रत्नागिरीचं उलटं. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी माणसाची कमाई मुंबईच्या उत्पन्नात, आणि त्यातून कापून पाठवलेली मनीऑर्डर गावच्या पोस्टात. ज्या पैशावर घराची कौलं बदलली, पोरींची लग्नं झाली, तो पैसा रत्नागिरीच्या तक्त्यात उत्पन्न म्हणून कधी दिसलाच नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मनीऑर्डरी आटल्या, तेव्हा रत्नागिरीच्या तक्त्याला तेही कळलं नसणार.

मोजणीवरचे वाद आजही मिटलेले नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आली, कंपन्यांच्या आकडेवारीचा स्रोत बदलला आणि वाढीचा दर एकदम चढला. अरविंद सुब्रमणियन हे सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. पद सोडल्यावर २०१९ मध्ये त्यांनी, २०११-१२ ते २०१६-१७ या काळात वाढ वर्षाला सुमारे अडीच टक्के अंकांनी जास्त दाखवली गेली, असा निबंध लिहिला. सरकारने तो खोडून काढला. या भांडणात लोकांचं लक्ष अंशावरच राहिलं. छेदाचं काय? २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. पुढची १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. मधली सगळी दरडोई उत्पन्नं अंदाजे लोकसंख्येने भागलेली आहेत. जन्मदर झपाट्याने उतरला असल्यामुळे छेद अंदाजापेक्षा लहान निघायचीही शक्यता आहे, आणि तसं झालं तर आपण एका रात्रीत काही टक्के श्रीमंत होऊ.

वाटपाचा प्रश्न या ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवलाय, हे संपादकांनी स्पष्ट केलं आहे. त्यांचा नाइलाज मला समजतो. एका ग्रंथात सगळं मावत नाही. तरी एक आकडा इथे ठेवतोच. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. वाचकाने दोन लाख पाच हजार वाचताना हा आकडा समासात लिहून ठेवावा.

शेतीवरचं प्रकरण मी आधी वाचायला सुचवीन, जरी ते क्रमाने मागे असलं तरी. १९५० मध्ये देशाच्या उत्पादनात शेतीचा हिस्सा निम्म्याच्या आसपास होता. आज तो अठरा टक्क्यांच्या घरात आहे. उत्पादनातला वाटा असा आटला, पण माणसं त्या वेगाने बाहेर पडली नाहीत. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत कामकऱ्यांपैकी ४६.१ टक्के अजून शेतीत आहेत, आणि करोनाच्या काळात तर शहरांतून माणसं उलट शेताकडे आली. जवळजवळ निम्मी माणसं पाचव्या हिश्श्याहून कमी उत्पन्नावर. कोरियात आणि चीनमध्ये ही माणसं कारखान्यांत गेली. आपल्याकडे ती बांधकामावर, रिक्षावर, घरोघरी पार्सल पोचवण्यावर गेली किंवा गावातच राहिली.

२०४७ पर्यंत विकसित देश होण्याचं उद्दिष्ट सरकारने जाहीर केलं आहे. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा हिशोब केला: उच्च उत्पन्नाच्या गटात जायचं, तर इथून पुढे सरासरी ७.८ टक्के वाढ हवी. २००० ते २०२४ या काळातली सरासरी ६.३ आहे. मधला दीड टक्का दिसायला लहान, पण बावीस वर्षं तो सतत मिळवायचा आहे, आणि तो वाशीमच्या सोयाबीनमधून येणार, कोइमतूरच्या कारखान्यातून येणार की बेंगळुरूच्या कचेऱ्यांतून, यावर नंदुरबारचा आकडा हलतो की मुंबईचाच, हे ठरेल. शेतीवरच्या प्रकरणातला जिल्हावार तक्ता त्यासाठीच जोडलेला आहे.